तिसरी भाषा शिकायची तर गुजराती की कन्नड?

मराठी माणसाला गुजराती लवकर येते. लिपी म्हणजे जवळजवळ शिरोरेषा काढलेली देवनागरी. चार-पाच दिवसांत दुकानांच्या पाट्या वाचता येतात. लिंगं तीनच. 'आम्ही' आणि 'आपण' हा आपला लाडका भेदही तिथे 'अमे' आणि 'आपणे' असा जिवंत आहे. पण ही जवळीकच फसवते. 'केरी' ऐकून आपण कैरी समजतो आणि समोरचा पिकलेल्या आंब्याबद्दल बोलत असतो. ऐकून कळतं म्हणून बरेच जण बोलायचा सराव करतच नाहीत.

कन्नडची सुरुवात जड जाते. गोल अक्षरांची नवी लिपी आणि वेगळं, द्राविड कुळ. पहिले दोन महिने धीर धरावा लागतो. मात्र व्याकरणात एक मोठी सुटका आहे: निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे टेबल 'तो' की 'ते' हा घोळ नाही. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. आणि ओळखीचे शब्द भेटत राहतात: अक्का, अण्णा, तुपाला 'तुप्प'. निघताना कन्नड माणूस 'होगि बर्तीनि', म्हणजे 'जाऊन येतो' म्हणतो. आपल्या घरातही 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा फार आनंद होतो.

महिन्याभरात गप्पा मारायच्या असतील तर गुजराती घ्या. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे राहत असाल, तर मी कन्नडच सुचवेन. तिथे बोलायला माणसं बाजारातच भेटतात.