मोल्ड चीनमध्ये ठेवावा की भोसरीत आणावा?

शेतीपंपाच्या स्टार्टरची प्लास्टिकची पेटी आम्ही काही वर्षं चीनमधल्या डोंगुआनहून करून आणत होतो. आता मोल्ड, म्हणजे पेटी ज्यात घडते तो लोखंडी साचा, इकडे आणलाय आणि माल पुण्याजवळ भोसरीतच काढतो. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

नुसता नगाचा भाव बघाल तर निदान आमच्या पेटीला तरी चीन स्वस्त पडत होता. नवा मोल्डही तिकडची टूलरूम (मोल्ड बनवणारा कारखाना) जितक्या लवकर देते, तितक्या लवकर इकडे मला कुणी दिलेला नाही. त्या भावात जहाजाचं भाडं, ड्यूटी, न्हावाशेवाला माल अडकला तर डेमरेज (बंदरात माल पडून राहिल्याचा दंड) आणि आगाऊ भरलेल्या पैशांवरचं व्याज धरलं की फरक बराच आटतो. २०२१ मध्ये तर कंटेनरचं भाडं कुठच्या कुठे गेलं. तरी एवढ्यावरून मी मोल्ड हलवला नसता.

खरा त्रास झाकणाच्या कडेचा. ती जरा बुटकी होती. तिरक्या पावसात पाणी आत जायचं, कॉन्टॅक्टना गंज धरायचा आणि पावसाने ओढ दिली की नेमका पंप सुरू व्हायचा नाही. कड थोडी उंच करायची, एवढंच काम. पण ड्रॉइंग पाठवा, उत्तराची वाट बघा, कुरिअरने सँपल मागवा, ते चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्येच त्यांचं नववर्ष आलं की कारखाने बंद. तोवर जुन्याच कडेच्या पेट्यांचा अख्खा कंटेनर समुद्रात, आणि त्याचे पैसे माल जहाजावर चढायच्या आधीच गेलेले.

भोसरीत मिस्त्रीने शेतातून परत आलेली पेटी हातात घेऊन पाहिली, मोल्ड उतरवला, विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर तेवढं लोखंड काढलं आणि ट्रायल शॉट घेतला, म्हणजे चाचणीला पेटी काढून पाहिली. वर, कडेला बाहेरून उतार द्या म्हणजे पाणी साचणार नाही, हेही त्यानेच सुचवलं.

मोठ्या कंपन्यांतही हे घडलंय. जीईने (जनरल इलेक्ट्रिक) जिओस्प्रिंग वॉटर हीटरचं उत्पादन २०१२ मध्ये चीनमधून अमेरिकेत लुईव्हिलला आणलं. इंजिनिअर आणि जोडणी करणारे कामगार एकत्र बसले, डिझाइन सोपं केलं, आणि १५९९ डॉलरचा हीटर १२९९ ला विकता आला. अर्थात प्रत्येकाला हे जमतंच असं नाही. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाला काढलेले स्वयंचलित बुटांचे कारखाने बंद करायचं २०१९ मध्ये जाहीर केलं.

इकडेही डोकेदुखी आहेच. वीज जाते, आणि मशीनवर तयार झालेला ऑपरेटर टिकवायला पगार वाढवावा लागतो. तुमचा माल वर्षानुवर्षं तोच राहणार असेल आणि लॉट मोठे असतील, तर कदाचित चीनच परवडेल. गिऱ्हाइकाकडून तक्रारी येऊन माल सारखा सुधारावा लागत असेल, तर मला वाटतं मोल्ड जवळ हवा. फक्त हलवण्याआधी दोन गोष्टी बघा: करारात मोल्डची मालकी तुमच्या नावावर आहे ना, आणि इथल्या मशीनच्या टाय-बारमध्ये, म्हणजे मोल्ड ज्या जाड दांड्यांच्या मध्ये बसवतात त्यांत, तो बसतो ना.