एसयूव्हीचा मागचा कॅमेरा: प्लेटवर, बंपरात, काचेवर की स्टेपनीत?

इंदूरात रामबाग, लोकमान्यनगर किंवा राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून एसयूव्ही मागे घ्यायची तर मागच्या काचेच्या भरवशावर भागत नाही. काच उंच असते. ओट्याची पायरी, नालीची कड, खेळत मागे आलेलं पोर, हे सगळं तिच्या खालीच राहतं. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले खरे, पण सेन्सर फक्त 'मागे काहीतरी आहे' एवढंच सांगतो. पातळ सळई किंवा बुटका दगड त्याच्याकडून सुटू शकतो. कॅमेरा हवाच. दुकानात मात्र सगळी चर्चा मेगापिक्सेलवर होते आणि जागा फिटिंगवाल्याच्या सोयीने ठरते. माझ्या मते जागा आधी ठरवावी, कॅमेरा नंतर घ्यावा.

त्यासाठी पहिला प्रश्न एकच: स्टेपनी कुठे आहे? क्रेटा, हॅरियर, एक्सयूव्ही ७०० यांची स्टेपनी डिकीच्या आत किंवा गाडीच्या पोटाखाली असते. थार, जिम्नी, जुनी इकोस्पोर्ट यांच्या मागच्या दरवाजावरच ती लटकलेली असते. या दोन प्रकारांचं उत्तर एक नाही.

स्टेपनी मागे नसेल तर मी डोळे मिटून नंबर प्लेटच्या वरची पट्टी सांगेन, जिथे प्लेटचे दिवे असतात तीच. जागा बहुधा मधोमध असते. वरच्या कडेमुळे लेन्सवर थेट पाऊस आणि ऊन कमी येतं. जमिनीपासून साधारण कमरेएवढी उंची मिळते आणि लेन्स थोडी खाली झुकवली की पडद्याच्या तळाशी बंपरची कड दिसते. ती कड दिसणं फार महत्त्वाचं आहे. ती नसेल तर मागची भिंत एक हातावर आहे की तीन, हे पडद्यावरून कळत नाही, अंतर दाखवणाऱ्या रंगीत रेघा कितीही असोत. बऱ्याच मॉडेलांत वरच्या व्हेरियंटला इथेच कंपनीचा कॅमेरा असतो आणि खालच्या व्हेरियंटला त्या जागी नुसतं झाकण. आपल्या गाडीत तसं झाकण आहे का ते बघून घ्या. असेल तर पत्र्याला भोक न पाडताच काम होतं.

या जागेचा खरा त्रास धुळीचा. एसयूव्हीची पाठ सपाट असल्याने चालत्या गाडीमागे हवेची पोकळी होते आणि रस्त्यावरची धूळ, चिखल तिथे ओढला जातो. पावसाळ्यात पातालपाणी धबधब्याच्या बाजूला जाऊन आलात की माळव्याची काळी माती लेन्सवर थापलेली असणारच. गाडी मागे घेण्याआधी उतरून फडक्याने पुसणे, याला दुसरा इलाज नाही. आणि कॅमेरा प्लेटच्या दिव्याला अगदी खेटून लावू देऊ नका. रात्री चित्रावर पांढरा झोत येतो.

प्लेटच्या चौकटीतच कॅमेरा असलेला स्वस्त प्रकार मात्र नकोच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागते आणि तिचे स्नॅप लॉक, म्हणजे प्लेट गाडीला पक्की धरणाऱ्या खिळ्या, एकदा काढले की पुन्हा बसत नाहीत. चौकटीसाठी ते तोडायचे, वर एखादा अंक झाकला जायचा, म्हणजे दंडाला आमंत्रण.

बंपरात भोक पाडून बसवणं फिटिंगवाल्याला आवडतं, कारण वायर दरवाजाच्या बिजागरीतून न्यावी लागत नाही. तुमच्यासाठी सौदा तितका चांगला नाही. उंची गुडघ्याच्या जरा वर, त्यामुळे जवळचं दिसतं पण लांबचं सगळं एका रेषेत दबतं. सिग्नलला मागची दुचाकी टेकली तर पहिला मार कॅमेऱ्यालाच. बंपर बदलला की भोकापासून सगळं पुन्हा.

आता उंचावरची जागा, म्हणजे मागच्या काचेवरच्या छज्जासारख्या पट्टीखाली (स्पॉयलरखाली) किंवा तिसऱ्या ब्रेक लाइटजवळ. इथे चिखल कमी पोचतो आणि वरून बघितल्याने अंतराचा अंदाज छान येतो. स्टेपनी मागे नसलेल्या गाडीत बंपरमागची वीतभर पट्टी झाकली जाते, तेवढं चालून जातं. थारसारख्या गाडीत हिशोब बदलतो. समजा कॅमेरा १.८ मीटरवर आहे आणि स्टेपनीची वरची कड १.३ मीटरवर, दरवाजापासून ३० सेंटिमीटर बाहेर. तर स्टेपनीच्या मागे जमिनीवरचा पाऊण मीटरहून जास्त भाग दिसतच नाही. रांगणारं मूल तेवढ्यात सहज मावतं. घरात लहान मुलं असतील तर अशा गाडीला वरचा कॅमेरा एकटा पुरेसा मानू नका.

काचेच्या आतून लावायचा विचार असेल तर वायपर काच पुसतो एवढाच फायदा. रात्री केबिनचा उजेड काचेत दिसतो, काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारा आड येतात, आणि मे महिन्यातल्या उन्हात चिकटपट्टी सुटते.

स्टेपनी दरवाजावर असेल तर चाकाच्या मधोमध ब्रॅकेटवर बसवलेला कॅमेरा मला सर्वांत बरा वाटतो. चाक हाच बहुतेक वेळा गाडीचा सर्वांत मागचा भाग असतो, त्यामुळे लेन्ससमोर काही आड येत नाही. बंपरची कड दिसत नाही, पण लेन्स जिथे आहे तिथेच गाडी संपते, हे एकदा मनात बसलं की अडत नाही. पंक्चर झाल्यावर मात्र वायर सोडवावी लागते, म्हणून चाकाजवळच सहज सुटणारा कपलर (वायर जोडायचा-सोडायचा प्लग) घालून घ्या. रात्री निर्जन खंडवा रोडवर टॉर्चच्या उजेडात वायर कापायची वेळ येऊ नये.

कुठेही लावा, वायर बॉडीतून दरवाजात जाते ती मूळच्या रबरी नळीतूनच न्या. बाहेरून नेलेली वायर दरवाजात चिमटून तुटते. कॅमेऱ्याला वीज द्यायला रिव्हर्स लाइटची वायर सोलून जोड मारण्यापेक्षा कपलर बरा, वॉरंटीवरून वादाची शक्यता कमी होते.

भोक पाडण्याआधी कॅमेरा नुसता टेपने चिकटवून पडद्याला जोडायला लावा. बंपरमागे हातभर अंतरावर पाण्याची बाटली उभी करा, मग ती दोन्ही कोपऱ्यांकडे सरकवा. तिन्ही ठिकाणी बाटली बुडापर्यंत दिसली तरच ड्रिल चालू करू द्या. डावं-उजवं उलट दिसत असेल तर कॅमेरा बदलायला धावू नका. अनेक कॅमेऱ्यांच्या वायरीत एक छोटा वळसा त्यासाठीच दिलेला असतो, तो कापला की चित्र सरळ होतं. कोणता वळसा कापायचा ते पाकिटावर बघून घ्या, कारण शेजारचा दुसरा वळसा रेघा बंद करण्याचा असतो.