राउंडक्यूब, आठ महिन्यांनी: सगळं बरं, पण ते सुट्टीचं उत्तर!

आषाढात सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या हळदीच्या पेढीचा मेल भाड्याच्या सर्व्हरवर हलवला. पत्रांची ने-आण करायला पोस्टफिक्स, ती साठवून दाखवायला डव्हकॉट आणि तोंडाला राउंडक्यूब, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल वाचायचं-लिहायचं पान. आधी खोक्यामागे (म्हणजे मेलबॉक्समागे) भाडं भरत होतो. माणसं चार, खोकी अकरा, आणि काकांना दर महिन्याचं बिल बघून घाम. आता खोकी कितीही काढा, बिल एकच.

जुना मेल पॉप3 चा. सगळी पत्रं दुकानातल्या संगणकावर उतरायची आणि सर्व्हरवरून पुसली जायची. 2019 च्या पुरात कृष्णामाई पेढीत शिरली तेव्हा चोपड्यांबरोबर तो संगणकही गेला. त्यामुळे यावेळी पत्रं सर्व्हरवरच ठेवणाऱ्या आयमॅपशिवाय चालणार नाही, हे काकांना पटवावं लागलं नाही.

रोजच्या वापराबद्दल फार लिहीत नाही. शोध बरा चालतो, मोबाईलवर पान नीट दिसतं. हळदीचे फोटो जोडताना पहिल्या आठवड्यात अडलं, कारण राउंडक्यूब ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीची अपलोडची मूळ मर्यादा 2 एमबी असते आणि ती वाढवायची मी विसरले होते. चूक माझी, पाच मिनिटांचं काम.

आता मुद्द्याचं.

दिवाळीत पेढी बंद. बंद असताना आलेल्या पत्राला आपोआप उत्तर जावं म्हणून सेटिंगमध्ये ‘सुट्टी’चं पान आहे (ते आधी कॉन्फिगमध्ये चालू करावं लागतं), तिथं मजकूर लिहिला, तारखा टाकल्या, सेव्ह केलं. भाऊबीजेला ओवाळणी चालू असताना काकांचा फोन वाजला. कोचीचे एक निर्यातदार. राजापुरी हळदीचा भाव विचारून तीन दिवस झाले, उत्तर नाही, म्हणून चिडलेले. काका ताटासमोर बसल्या बसल्या माझ्याकडे बघतात, “अगं, उत्तर आपोआप जातंय म्हणाली होतीस ना?”

रात्री सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडला. पत्र आलेलं. उत्तर सर्व्हरनं मुद्दाम टाळलेलं, कारण पत्र ज्यांना लिहिलंय त्या टू-सीसीच्या ओळींत ओळखीचा पत्ताच नाही! कोचीवाले लिहितात ‘ऑर्डर’ या पत्त्यावर. ते खरं खोकं नाही, उपनाव. पत्र पडतं काकांच्या खोक्यात. सर्व्हरला काकांचा पत्ता माहीत, ‘ऑर्डर’ त्याच्या लेखी परका. सुट्टीच्या पानावर ‘प्रगत’ भाग उघडला की ‘माझे पत्ते’ नावाची जागा आहे, तिथं उपनावं भरायची. मी ती कधी उघडलीच नव्हती. सांगा, दिवाळीच्या गडबडीत ‘प्रगत’ कोण उघडतं?

तेव्हा मी मनातल्या मनात याला दोनच तारे दिले होते. नंतर 2008 चं आरएफसी 5230 (अशा सुट्टीच्या उत्तरांचे नियम सांगणारा इंटरनेटचा दस्तऐवज) वाचलं आणि थोडी वरमले. पत्ता टू किंवा सीसीमध्ये दिसत नसेल तर उत्तर पाठवायचं नाही, असा नियमच आहे. नाहीतर मेलिंग लिस्टवरच्या प्रत्येक पत्राला “पेढी बंद आहे” असं ओरडत बसेल. दोन यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसू नयेत म्हणूनही ही सगळी काळजी. तक्रार उरते ती एवढीच की इतकी महत्त्वाची जागा इतकी आत का.

म्हणून काकांसाठी स्वतःच एक पान लिहिलं. दोन तारखा आणि एक बटण: ‘पेढी बंद’. मागे पीएचपी, ती 4190 पोर्टवर मॅनेजसीव्हशी (सर्व्हरवरचे मेलचे नियम बाहेरून बदलायची सोय) बोलते आणि सगळी उपनावं स्वतः भरते. दोन संध्याकाळींत झालं. पण एका खोक्याची एकच सीव्ह स्क्रिप्ट (आलेल्या पत्राचं काय करायचं त्या नियमांची फाइल) एका वेळी चालू राहते, हे ध्यानात नव्हतं. माझी चालू झाली, राउंडक्यूबची आपोआप बंद. बिलं ‘हिशोब’ फोल्डरात टाकणारा काकांचा नियम दोन दिवस झोपला आणि इनबॉक्सचा उकिरडा झाला. आता एक मुख्य स्क्रिप्ट आहे, तीच बाकीच्या दोन्हींना आपल्यात ओढून घेते (इन्क्लूड करते).

झालं एकदाचं, असं वाटलं. संक्रांतीला बंद होतो, कोचीला उत्तर गेलं. चारच दिवसांनी घरच्या लग्नासाठी पुन्हा बंद, तर कोचीला काहीच नाही! एकाच माणसाला तेच उत्तर मुळात 7 दिवसांतून एकदाच जातं. ‘तेच’ म्हणजे शब्दशः तेच. काकांचा मजकूर ठरलेला: “पेढी बंद आहे. कळावे.” शब्द एक जरी बदलला तरी सर्व्हर ते नवं उत्तर धरतो. आता माझं पान सुट्टीच्या तारखा मजकुरातच घालतं, त्यामुळे प्रत्येक सुट्टीचं उत्तर वेगळं होतं. मुदत एका दिवसावर आणता आली असती, पण मग लांबच्या सुट्टीत रोज लिहिणाऱ्या गिऱ्हाईकाला रोज तेच ऐकावं लागलं असतं.

तारे आता चार. एक कापला तो ‘प्रगत’ भागासाठी, आणि तो परत देणार नाही.

सध्या नव्या हळदीची आवक सुरू आहे, पेढीला सुट्टीच नाही, त्यामुळे बटण पडून आहे. तरी काका रोज सकाळी पान उघडून ते हिरवं आहे ना बघतात, आणि मगच दुकानाचं शटर वर करतात.