काच बदलली, पण कॅमेरा सरळ पाहतो आहे का? तुर्भ्यातील कॅलिब्रेशन सेवेचा अनुभव

घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांना खडीच्या डंपरमागून गाडी चालवण्याची वेळ कधी ना कधी येतेच. मे महिन्याच्या अखेरीस गायमुख घाटात पुढच्या डंपरमधून उडालेला खडा माझ्या गाडीच्या समोरच्या काचेवर आदळला. पहिल्या दिवशी रुपयाच्या नाण्याएवढी दिसणारी ती चीर, बाहेरचे ऊन आणि आतला एसी यांच्यामध्ये तापत-निवत तिसऱ्या दिवशी हातभर लांब झाली आणि काच बदलण्यावाचून इलाज उरला नाही. काच बदलली गेली ती ठाण्यातच, दुसऱ्या एका कार्यशाळेत. प्रस्तुत अभिप्राय मात्र त्यानंतर करून घ्याव्या लागलेल्या, आणि खरे तर तेव्हाच व्हायला हवा असलेल्या, कॅमेरा कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कॅमेऱ्याची नजर गाडीच्या रेषेशी पुन्हा जुळवून घेण्याच्या, कामाविषयी आहे, जे तुर्भे एमआयडीसीतील या केंद्राने केले.

ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची वाहने, पादचारी हे सारे तो पाहतो आणि त्यावरून गाडी लेन सुटल्याचा इशारा देते, स्टिअरिंग हलकेच सावरते किंवा वेळप्रसंगी स्वतः ब्रेक लावते. २०२१ मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७००, पुढच्या वर्षी होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, असे करत हे तंत्र आता मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत पोहोचले आहे. त्यामुळे फुटलेल्या काचेमागे कॅमेरा असण्याचे प्रसंग आपल्याकडेही वाढत जाणार हे उघड आहे.

कार्यशाळेने काच अर्ध्या दिवसात बसवून दिली. कामात वरवर काही खोट दिसत नव्हती. काचेच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, नीट बसले होते, काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ ही भारतीय मानकाची खूण होती आणि पावसाचा सेन्सरही चालत होता. कॅमेऱ्याचे काय केले, असे विचारल्यावर तेथील सल्लागारांनी सांगितले, "सर, डॅशबोर्डवर दिवा लागलेला नाही ना, मग सगळं ओके आहे." मी ते मान्य केले, ही माझी चूक झाली. कॅमेऱ्याची जोडणी तुटली किंवा त्याला काहीच दिसेनासे झाले तर दिवा लागतो. परंतु कॅमेरा किंचित वाकड्या दिशेने पाहत असेल, तर ते त्याचे त्यालाच कळेल असे नाही. आपण पाहतो आहोत तीच दिशा सरळ, असे समजून तो पूर्ण विश्वासाने चुकीचा सल्ला देत राहतो.

आठवड्याभराने ठाणे-बेलापूर रस्त्यावरून वाशीकडे जाताना पत्नीने विचारले, "अहो, तुम्ही गाडी सारखी डावीकडे का घेताय?" मी घेत नव्हतो. लेनच्या मध्यावर असतानाही स्टिअरिंग हातात हलकेच डावीकडे सरकत होते, आणि डाव्या पट्ट्यावर चाक टेकले तरी इशारा मात्र वाजत नव्हता. शेजारून कंटेनर चालले असताना असा अनुभव येणे किती अस्वस्थ करणारे असते हे वेगळे सांगायला नको. मी ती यंत्रणा बंद केली आणि घरी आल्यावर पहिल्यांदा शाळेतली त्रिकोणमिती आठवून आकडे मांडले.

हे आकडे प्रत्येक गाडीमालकाने एकदा पाहावेत असे मला मनापासून वाटते. कॅमेरा आडव्या दिशेने केवळ १ अंश चुकला, तर ५० मीटर अंतरावर ती चूक सुमारे ८७ सेंटिमीटर होते आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटर. आपल्या महामार्गांवरील लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते, म्हणजे अर्धी लेन गेली. उभ्या दिशेची चूक याहून फसवी आहे. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंच आहे असे धरा. ५० मीटरवरच्या वाहनाचा रस्त्याला टेकलेला भाग त्याला क्षितिजाखाली दीड अंशावर दिसतो. रस्ता सपाट मानून केवळ या कोनावरून अंतर काढायचे झाल्यास, अर्ध्या अंशाच्या चुकीने तेच वाहन एका बाजूला ७५ मीटरवर, तर दुसऱ्या बाजूला ३७ मीटरवर भासेल. माझ्यासारख्या गाडीत बंपरमागचे रडार अंतराच्या बाबतीत आधार देते हे खरे, पण लेनचे पट्टे रडारला दिसत नाहीत, ते काम एकट्या कॅमेऱ्याचेच. नव्या काचेची वक्रता, तिच्यावरचा ब्रॅकेट, खालच्या सीलंटच्या थराची जाडी, यांत मिलिमीटरभर फरक पडला तरी असा अर्धा अंश सहज निघून जातो. म्हणूनच काच नवी बसली की कॅमेऱ्याला सरळ म्हणजे काय ते पुन्हा शिकवावे लागते.

या केंद्रात मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. फोनवर वेळ घेतानाच त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: काच बसवून किती दिवस झाले, त्यानंतर सस्पेन्शनचे किंवा अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याचे, काम झाले आहे का, आणि डिकीत सामान किती आहे. काच धरून ठेवणारा युरेथेनचा गोंद पुरता वाळण्याआधी कॅलिब्रेशन केले आणि नंतर काच केसभर जरी बसली, तरी सारी मेहनत वाया जाते, हे त्यांनी न विचारता समजावले. डिकीत आईसाठी घेतलेली तांदळाची २५ किलोची गोण होती; ती उतरवून ठेवायला लावली, कारण मागचा भाग दबला की नाक वर होते आणि त्याबरोबर कॅमेऱ्याची नजरही.

सकाळी साडेनऊला गाडी आत घेतल्यानंतर कॅलिब्रेशनचा बोर्ड समोर येईपर्यंत जवळजवळ दोन तास गेले, आणि या दोन तासांमुळेच मी हा अभिप्राय लिहायला बसलो आहे. प्रथम स्कॅनर लावून गाडीच्या सर्व यंत्रणांमधील नोंदी वाचल्या आणि त्यांची प्रत माझ्या हाती दिली. दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणे चारही चाकांतील हवा सारखी केली, चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजली, मग अलाइनमेंट तपासली. अलाइनमेंटचे कारण मला ठाऊक नव्हते. गाडी सरळ जाते ती बॉनेटच्या रोखाने नव्हे, मागची चाके जिकडे ढकलतात त्या रोखाने; आणि कॅमेऱ्यालाही त्याच रेषेशी जुळवायचे असते. मागचे चाक तिरपे असताना केलेले कॅलिब्रेशन कागदावर उत्तीर्ण होईल, पण रस्त्यावर गाडी पुन्हा कडेलाच ओढली जाईल.

त्यानंतर कारागिराने आरशामागचे आवरण उघडले आणि मूळ दोष तिथेच सापडला. कॅमेरा ब्रॅकेटमध्ये एका बाजूने पूर्ण बसलेला नव्हता. त्याने मला वर वाकून ती फट टॉर्चच्या उजेडात दाखवली. नखाच्या जाडीएवढी असेल. "काका, हे असंच ठेवून सॉफ्टवेअर चालवलं असतं तर कदाचित पासही झालं असतं, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात परत हललं असतं," तो म्हणाला. कॅमेरा काढून, समोरच्या काचेचा तुकडा आतून स्वच्छ पुसून, तो परत टक असा आवाज येईपर्यंत बसवला. डॅशबोर्डवर मी घातलेली चकचकीत मॅट काढून टाकायला सांगितले, कारण तिचे प्रतिबिंब काचेत पडून कॅमेऱ्याच्या नजरेत येते. नव्या फास्टॅगची जागाही याच वेळी ठरली. जुना टॅग काचेबरोबर गेला होता, तो सोलून पुन्हा लावता येत नाही आणि बँकेकडून नवा घ्यावा लागतो. तो लावताना कॅमेऱ्यासमोरचा स्वच्छ पट्टा मोकळा राहील हे पाहिले गेले.

मग मुख्य काम. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चिन्हापासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या, त्या सुताने जोडून मध्यरेषा काढली आणि त्या रेषेवर, गाडीच्या कंपनीने दिलेल्या अंतरावर आणि उंचीवर, काळ्या-पांढऱ्या नक्षीचा बोर्ड लेझरच्या साहाय्याने उभा केला. लाखो रुपयांच्या यंत्रसामग्रीच्या मध्यभागी गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ पाहून मला फार बरे वाटले. येथील जमीन मुद्दाम समपातळीत केलेली आहे आणि मागची भिंत एकरंगी ठेवली आहे. तरीही पहिल्या प्रयत्नात सॉफ्टवेअरने नकार दिला. अर्ध्या उघड्या शटरमधून येणारा उजेड बोर्डावर पडत होता. शटर पूर्ण खाली ओढून, दिवे लावून, अंतरे पुन्हा एकदा मोजून दुसरा प्रयत्न केला आणि तो चार-पाच मिनिटांत पूर्ण झाला.

सर्वच गाड्यांना एकच पद्धत लागत नाही. काहींना बोर्डासमोरचे स्थिर कॅलिब्रेशन पुरते, काहींना फक्त रस्त्यावर चालवून करायचे असते, तर माझ्या गाडीच्या कार्यपद्धतीत दोन्ही सांगितले आहे. रस्त्यावरच्या भागासाठी स्पष्ट पट्टे, कोरडी हवा आणि ठरावीक वेग सलग राखता येईल असा मोकळा रस्ता हवा. दुपारी पाऊस कोसळू लागला. मला घाई होती आणि थोडी उघडीप मिळताच काम उरकावे असे मी सुचवूनही पाहिले, परंतु ओल्या रस्त्यावर पट्टे चमकतात आणि कॅमेरा चुकीचे शिकतो असे सांगून त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बोलावले. त्या दिवशी ठाण्याहून दुसरी फेरी मारावी लागली याचा त्रास झाला, पण त्यांचे म्हणणे योग्यच होते. सकाळी पाम बीच रस्त्याने बेलापूरच्या दिशेने निघालो. मी गाडी चालवत होतो, कारागीर शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन टक्केवारी वाचत होता. सिग्नलला थांबलो की आकडा अडायचा, मोकळा पट्टा मिळाला की पुढे सरकायचा. पंचवीसएक मिनिटांत काम संपले.

खर्च ६,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७० रुपये झाला. अलाइनमेंटची तपासणी त्यातच होती. हा सर्व भार माझ्यावर पडला, कारण काचेचा क्लेम आधीच निकाली निघाला होता आणि कार्यशाळेच्या अंदाजपत्रकात कॅलिब्रेशनचा उल्लेखच नव्हता. विमा दाव्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, तेव्हा काचेचे पैसे बहुतांशी मिळाले. कॅलिब्रेशन ही त्याच दुरुस्तीची गरज आहे, हे विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला येण्याआधी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहून घेतले असते तर त्याचीही मागणी करता आली असती. ज्यांची काच आत्ता फुटली आहे त्यांनी क्लेमच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एवढे जरूर पाहावे.

या केंद्रात सुधारणेला जागा आहे. पहिल्या बिलावर कॅलिब्रेशनऐवजी नुसते "किरकोळ मजुरी" असे लिहिले होते. मी आग्रह धरल्यावर दुरुस्त करून दिले, पण असा आग्रह ग्राहकाला धरावा लागू नये. अहवालात आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, चासिस क्रमांक, किलोमीटर आणि तारीख सर्व आहे. मात्र तो पूर्णपणे इंग्रजी तांत्रिक भाषेत असून त्यातील कोणता आकडा कशाचा हे समजावणारे एक मराठी पान जोडले तर फार उपयोग होईल. बसण्याची व्यवस्था दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांपुरती आहे, आणि दिवसभर थांबावे लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी ती पुरेशी नाही. बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे सकाळी दहानंतर गल्लीत गाडी वळवणे अवघड होते.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोलीचा पूल आणि एकदा अटल सेतू अशी गाडी चालवली आहे. स्टिअरिंगची डावी ओढ पूर्ण गेली, दोन्ही पट्ट्यांवर इशारा सारख्याच अंतरावर वाजतो. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे जिथे पट्टे पुसले गेले आहेत, तिथे यंत्रणा आपणहून बाजूला होते आणि डॅशबोर्डवरची लेनची खूण करडी पडते. हा दोष नव्हे, न दिसणाऱ्या गोष्टीविषयी तिने गप्प बसणेच बरोबर आहे. पुढे बंपर काढावा लागला तर रडारची तपासणी वेगळी करावी लागेल, हेही कारागिराने निघताना बजावले. पुन्हा काच बदलायची वेळ आली तर काच आणि कॅलिब्रेशन दोन्ही कामे याच केंद्राकडे देईन, फक्त पावसाळ्याचे दिवस असतील तर सकाळची पहिली वेळ मागून घेईन.