‘ट्रान्स्क्राइब!’ : बेसच्या ओळी स्वतः उतरवून नोटेशन वाचायला शिकणाऱ्यांसाठी

बेस गिटार वाजवणारे बरेच जण टॅबवर (तारा आणि फ्रेटचे आकडे लिहिलेल्या कागदावर) शिकलेले असतात. बोट कुठल्या तारेवर, कितव्या फ्रेटवर ठेवायचं हे टॅबवरून कळतं. स्वर किती वेळ धरायचा, कधी तोडायचा, हे मात्र इंटरनेटवरच्या बहुतेक टॅबमध्ये लिहिलेलंच नसतं. आणि बेसचं वाचन अडतं ते तिथेच, लयीत. रेषेवरचा स्वर ओळखायला महिनाभरात जमतं, पण सोळांश (पाव बीटच्या) नोटांचा गट आणि त्याला जोडलेला टाय, म्हणजे दोन नोटांचा एकच लांब स्वर करणारी कमान, समोर आला की हात थांबतो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे रेकॉर्डिंगमधली बेसची ओळ कानानं ऐकून स्वतः लिहून काढायची आणि मग तीच वाचायची. सेव्हन्थ स्ट्रिंग या कंपनीचं ‘ट्रान्स्क्राइब!’ हे सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे.

नावावरून वाटेल की गाणं टाकलं की तयार नोटेशन मिळेल. तसं होत नाही. स्टाफवर (नोटेशनच्या पाच रेषांवर) एक नोटही ते लिहून देत नाही. ते गाणं हळू करतं, हवा तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतं, कुठल्या क्षणी कुठले स्वर आहेत त्याचा अंदाज दाखवतं. लिहायचं काम आपलं. वाचन शिकायचं असेल तर हेच सोयीचं आहे. आपोआप नोटेशन काढून देणारी साधनं बेसची लय अशी काही लिहितात की बत्तीसांश विराम आणि तीन-तीन टाय लागलेली ओळ अनुभवी वादकालाही वाचता येऊ नये. वादक बीटच्या किंचित मागे वाजवतो, तो मागेपणा यंत्र इमानेइतबारे कागदावर उतरवतं.

विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. फाइल मात्र स्वतःकडे हवी. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ऑफलाइन साठवलेली गाणी कुलूपबंद असतात, ती यात उघडत नाहीत. डब्ल्यूएव्ही किंवा चांगल्या प्रतीची एमपी३ घ्यावी.

पहिलं काम खुणा करण्याचं, आणि नवशिके नेमकं हेच टाळतात. गाणं पूर्ण वेगात सुरू करायचं आणि प्रत्येक बारच्या (ठरावीक बीटच्या एका गटाच्या) पहिल्या बीटला ‘एम’ दाबत जायचं. कडवं, धृपद असा नवा भाग आला की ‘एस’. एखाद्या बीटवर वेगळी खूण हवी असेल तर ‘बी’. खुणा थोड्या पुढेमागे पडतात, त्या नंतर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून किक ड्रमच्या टोकावर ओढून नीट बसवायच्या. चार मिनिटांच्या गाण्याला एवढं करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या बदल्यात प्रत्येक बारला क्रमांक मिळतो, आणि ‘इथे काहीतरी चुकतंय’ऐवजी ‘२३व्या बारचा चौथा बीट चुकतोय’ असं म्हणता येतं. क्लिकशिवाय, म्हणजे कानात मेट्रोनोम न ठेवता, ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या गाण्यांचा वेग धृपदात वाढतो आणि कडव्यात उतरतो. तिथे ठरावीक टेम्पोची जाळी उपयोगी पडत नाही, हातानं केलेल्या खुणा पडतात.

लूप दोन बारचा ठेवावा. चार बारचा ठेवला तर चौथा लिहीपर्यंत पहिला विसरतो. एकाचाच ठेवला तर बारलाइन ओलांडून जाणारा टाय हातातून निसटतो.

वेगाबद्दल एक सवय मोडायला हवी, सगळं एकदम ५० टक्क्यांवर आणण्याची. लय ऐकायला ७० ते ८० टक्के पुरतं. त्याच्या खाली गेलं की प्रत्येक स्वराची सुरुवात पसरट होते आणि नोट बीटवर आहे की अर्ध्या बीटवर हेच कळेनासं होतं. ५० टक्के ठेवावं ते फक्त चार-पाच स्वरांच्या जलद फिलसाठी (दोन भागांमधल्या छोट्या सजावटीसाठी), तेही स्वर ओळखायला. ३५च्या खाली बेस नुसता घरघरतो.

आता सर्वांत कामाची गोष्ट. सुराची उंची १२ सेमिटोननं वाढवायची, म्हणजे पूर्ण एक सप्तक वर. उघडी ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो पाया (स्वराची मूळ कंपनसंख्या) बाहेरच येत नाही. आपण ऐकतो ते वरचे हार्मॉनिक, म्हणजे त्या पायाच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्यांचे सूर. सप्तक वर नेलं की ओळ कानाच्या सोयीच्या भागात येते. शिवाय बेस गिटार प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर लिहिण्याचीच पद्धत असल्यामुळे, वर नेलेला स्वर बेस क्लेफवरच्या (खालच्या स्वरांसाठीच्या स्टाफवरच्या) लिखित जागेशी बरोबर जुळतो. चार उघड्या तारांच्या जागा पाठ हव्यात: ई स्टाफच्या खालच्या पहिल्या जादा रेषेवर, ए सर्वांत खालच्या जागेत, डी मधल्या रेषेवर, जी सर्वांत वरच्या जागेत. पाच तारांच्या बेसची बी खालच्या दुसऱ्या जादा रेषेच्याही खाली लटकते. बेस हातात घेऊन ताळा करताना सप्तक परत शून्यावर आणायचं, नाहीतर १२व्या फ्रेटच्या पुढे शोधत बसाल.

खिडकीच्या तळाशी पियानोच्या पट्ट्या आणि त्यावर स्पेक्ट्रमची, म्हणजे कुठली कंपनसंख्या किती जोरात आहे त्याच्या आलेखाची, टोकं दिसतात. बेसच्या बाबतीत इथे फसगत ठरलेली, आणि तिचं कारण साधं गणित आहे. खालचा ई ४१.२ हर्ट्झ, त्याच्या शेजारचा एफ ४३.७. फरक जेमतेम अडीच हर्ट्झ. एवढा फरक वेगळा दिसायला साधारण ०.४ सेकंदांचा आवाज लागतो. १२० च्या टेम्पोला चतुर्थांश नोट अर्ध्या सेकंदाची असते, तिथे काम होतं. सोळांश नोट ०.१२५ सेकंदाची, तिथे खालच्या टोकांवर विसंबता येत नाही. गाणं हळू करूनही फायदा नाही, मूळ आवाजात जेवढी माहिती आहे तेवढीच राहते. म्हणून पाया सोडून चौथा हार्मॉनिक बघायचा. ईसाठी तो सुमारे १६५ हर्ट्झ, एफसाठी १७५. फरक दहा हर्ट्झच्या आसपास, आणि तो दशांश सेकंदातही दिसतो.

हार्मॉनिक वाचताना दुसरा खड्डा असा: एकट्या ई स्वराची टोकं क्रमानं ई, ई, बी, ई, जी शार्प अशी दिसतात. तिसरं टोक, म्हणजे बी, अनेक रेकॉर्डिंगमध्ये पायापेक्षा उंच असतं. त्यावर विश्वास ठेवून बी लिहिणारे भरपूर. जी शार्प बघून कॉर्ड मेजर ठरवणारेही. हर्ट्झमध्ये मोजल्यास समान अंतरावर असलेली टोकं एकाच तारेची असू शकतात एवढं ध्यानात ठेवलं की ही चूक टळते. शेवटचा निर्णय गळ्यानं द्यावा: स्वर गुणगुणा, मग बेसवर शोधा, स्पेक्ट्रम फक्त साक्षीला.

ईक्यूच्या (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करण्याच्या) पानावर ४०० हर्ट्झच्या वरचं कमी केलं तर स्वर मोकळे होतात. उलट ७०० ते १५०० चा पट्टा उचलला तर बोटाचा किंवा पिकचा आघात ऐकू येतो, जो लय लिहायला लागतो. म्हणजे एकच बार दोनदा ऐकायचा, दोन वेगळ्या सेटिंगवर. मोनो-कराओकेचं पान जुन्या गाण्यांसाठी सोन्यासारखं आहे. १९६०च्या दशकातल्या पुष्कळ स्टिरिओ मिश्रणांत बेस एकाच बाजूला ठेवलेला असतो, दुसरी बाजू बंद केली की निम्मं काम झालं. आधुनिक मिश्रणात बेस मध्यभागी असतो. तिथे डाव्यातून उजवा वजा करण्याचा कराओके पर्याय चुकूनही लावू नये, बेसच गायब होईल.

डेमक्स किंवा स्प्लीटरसारख्या, गाण्यातली वाद्यं वेगवेगळी करणाऱ्या साधनानं बेस आधीच वेगळा काढून ती फाइल इथे उघडता येते. उपयोग आहे, पण मूळ फाइलही शेजारी हवी. वेगळ्या केलेल्या ट्रॅकमध्ये किक ड्रमचे धक्के बेसच्या नोटांसारखे वाटतात, घोस्ट नोट (तार दाबून वाजवलेले, सूर नसलेले आघात) पुसल्या जातात आणि स्वराचं शेपूट मध्येच कापलं जातं. शेपूट कापलं की नोट किती लांब होती हेच हरवतं, आणि आपल्याला तर तेच लिहायचंय.

लिहिताना आधी फक्त लय, एकाच रेषेवर, पेन्सिलनं. स्वर नंतर. ४/४ मध्ये (चार बीटच्या बारमध्ये) तिसरा बीट डोळ्यांना दिसलाच पाहिजे. समजा नोट दोननंतरच्या अर्ध्या बीटवर सुरू होते आणि दीड बीट टिकते. टिंबवाली चतुर्थांश नोट लिहिली तर हिशोब जुळतो, पण तिसरा बीट तिच्या पोटात लपतो. त्याऐवजी अष्टमांश नोट आणि तिला टायनं जोडलेली चतुर्थांश नोट लिहायची. लिहिणाऱ्याला एक चिन्ह जास्त, वाचणाऱ्याला बराच दिलासा. बारमध्ये सगळीकडे सोळांश नोटाच दिसू लागल्या तर मोजण्याचा वेग निम्मा धरला गेला असावा. स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) दोन आणि चारवर येतो का ते तपासा. शफल (लांब-आखूड अशी झुलती लय) असेल तर साध्या अष्टमांश नोटा लिहून वर ‘स्विंग’ लिहा, प्रत्येक बीटला ट्रिपलेटचे कंस नकोत.

नोट छोटी वाजली की स्टॅकाटोचं टिंब द्यायचं की विराम लिहायचा? शांतता ठरावीक जागी पडत असेल, उदाहरणार्थ दर वेळी स्नेअर वाजताना बेस थांबत असेल, तर विराम लिहा. सगळ्याच नोटा सारख्या तुटक असतील तर टिंब. घोस्ट नोटेला क्रॉसचं डोकं.

ट्यूनिंग न तपासता स्वर लिहायला बसू नका. टेपच्या वेगामुळे काही जुनी रेकॉर्डिंग दोन सुरांच्या अधेमधे असतात. सॉफ्टवेअरमध्ये सेंटच्या (सेमिटोनच्या शंभराव्या भागाच्या) मापानं सूर सरकवून तो आपल्या बेसच्या उघड्या तारेशी जुळवून घ्यायचा. अख्खा बँड अर्धा स्वर उतरवून वाजवत असेल तर गाणं एक सेमिटोन वर न्या आणि नेहमीच्या ट्यूनिंगनं लिहा. वाचन शिकताना रेषा आणि फ्रेट यांचं नातं पक्कं व्हायला हवं, तार उतरवली की ते बिघडतं. स्वरांची नावं कॉर्ड बघून द्या: ई कॉर्डमधला तिसरा स्वर जी शार्पच, ए फ्लॅट नव्हे.

पेन्सिलची प्रत झाली की म्यूझस्कोअर स्टुडिओमध्ये उतरवावी. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ‘एन’ दाबून लिहायला सुरुवात, ५ म्हणजे चतुर्थांश, ४ अष्टमांश, ३ सोळांश, शून्य म्हणजे विराम, ‘टी’ म्हणजे टाय. शार्प-फ्लॅटचं नाव बदलायला ‘जे’. एका ओळीत चारच बार ठेवा. बारलाइन निवडून एंटर दाबलं की ओळ तुटते. टॅबची जोड-ओळ टाकण्याची सोय आहे, पण ती या कामात टाकूच नका, डोळा तिकडेच जातो. मग म्यूझस्कोअरचं प्लेबॅक आणि मूळ गाणं आळीपाळीनं ऐका. गाळलेला विराम आणि एका सप्तकानं चुकलेला स्वर लगेच कानाला खुपतो.

‘ट्रान्स्क्राइब!’च्या तक्रारीही आहेत. रूप जुनाट आणि दाटीवाटीचं, पहिल्या दिवशी कुठलं बटण कशाचं हे कळत नाही. सेव्ह केलेल्या फाइलमध्ये खुणा आणि सेटिंग असतात, ऑडिओ नसतो. गाण्याची फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं की प्रोजेक्ट ती शोधत बसतो. एका गाण्याला एक फोल्डर करून दोन्ही तिथेच ठेवा. फूट पेडल जोडता येतं, आणि बेस गळ्यात असताना मागे-पुढे जायला त्याची फार मदत होते. एवढ्या सोयी नको असतील, फक्त वेग कमी करायचा असेल, तर ऑडॅसिटीनंही भागतं. बारच्या खुणा आणि पटकन उडी मारणं मात्र तिथे इतकं सुटसुटीत नाही.

सुरुवातीला ८० ते १०० टेम्पोचं, बहुतांश मूळ स्वर आणि पाचव्या स्वरावर चालणारं गाणं घ्या आणि १६ बारच लिहा. उतरवलेली ओळ लगेच वाचून बघण्यात अर्थ नाही, ती तोंडपाठ झालेली असते. दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा, मग ६० च्या मेट्रोनोमवर न थांबता वाचा. तेव्हा जिथे अडखळाल तो बार गाण्यात पुन्हा ऐका: बऱ्याचदा वाचणारा बरोबर असतो आणि लिहिणाऱ्यानं तिसरा बीट लपवलेला असतो.