वेमो रिव्ह्यू: सॅन फ्रान्सिस्कोतली बिनड्रायव्हरची टॅक्सी, आई-बाबांसकट

आधी निकाल सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. इकडे येणारे पाहुणे गोल्डन गेट बघून झाला की पुढचं हेच विचारतात, ती ड्रायव्हर नसलेली गाडी खरंच चालते का? चालते. जून २०२४ पासून सॅन फ्रान्सिस्कोत कोणीही ॲप टाकून बोलवू शकतं, वेटिंग लिस्टची भानगड संपली, आणि आता रस्त्यावर एवढ्या दिसतात की इथली माणसं वळूनही बघत नाहीत.

गाडी म्हणजे पांढरी इलेक्ट्रिक जॅग्वार. टपावर एक घुमट असतो, त्यावर तुमची इनिशियल्स झळकतात, म्हणजे ओळीने दोन-तीन उभ्या असल्या तरी आपली कुठली ते कळतं. फोनवरून दार अनलॉक करायचं, बसायचं, बेल्ट लावायचा, स्क्रीनवर स्टार्ट दाबायचं, की स्टिअरिंग आपलं आपण फिरायला लागतं. हे बघताना पहिल्यांदा पोटात गोळा येतो, उगाच कशाला खोटं बोला. आई मागे माझा हात घट्ट धरून आणि बाबा हौसेने पुढच्या सीटवर, मिशन नावाच्या भागातून थेट समुद्रकाठच्या फिशरमन्स वार्फपर्यंत. थोड्या वेळाने आईने हात सोडला आणि व्हॉट्सॲप उघडलं, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही.

मागच्या स्क्रीनवर गाडीला काय काय दिसतंय ते सतत दिसत राहतं, माणसं, सायकली, कडेला लावलेले ट्रक, सगळं आकृत्यांमध्ये. २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लायडार आहेत, लायडार म्हणजे लेझरचा झोत टाकून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजायचं, त्यामुळे अंधारातसुद्धा फरक पडत नाही. शिवाय शहराचा बारीकसारीक नकाशा आधीच पोटात असतो. एका ठिकाणी डिलिव्हरीवाल्याने मधोमध गाडी लावली होती तिथे आमची थांबली, अंदाज घेतला, समोरून कोणी नाही बघून पिवळी रेघ ओलांडून पुढे गेली. बाकी नियम म्हणजे नियम. बाबा म्हणाले, "पुण्यात ही टिळक रोडवर सिग्नलपाशीच म्हातारी होईल गं."

आता थोडं विषयांतर, पण मला हे फार आवडतं. १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमध्ये जनरल मोटर्सने १९६० सालची अमेरिका कशी असेल त्याचं भलंमोठं मॉडेल मांडलं होतं, त्यात हायवेवर आपोआप चालणाऱ्या गाड्या होत्या. १९६० आलं नि गेलं. मग २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने मोहावे वाळवंटात विनाचालक गाड्यांची शर्यत ठेवली, १० लाख डॉलरचं बक्षीस, आणि एकही गाडी पोचली नाही, सगळ्यात पुढे गेलेली साधारण १२ किलोमीटरवर अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली! पहिल्या आलेल्या स्टॅनफर्डच्या टीमचा म्होरक्या सेबॅस्टियन थ्रन, त्यानेच २००९ मध्ये गूगलमध्ये हा प्रोजेक्ट सुरू केला, २०१६ मध्ये त्याची वेमो कंपनी झाली. आणि स्वप्न दाखवणाऱ्या जनरल मोटर्सने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या क्रूझ रोबोटॅक्सीचा गाशा गुंडाळला. बाबांच्या जन्माच्या आधीची कल्पना, आणि बाबा तिच्यात बसून शेंगदाणे खात होते.

सेफ्टीचं म्हणाल तर कंपनीच्याच संशोधकांनी ५.६७ कोटी मैलांचा हिशोब छापलाय, त्यात माणूस चालवतो त्या मानाने पायी चालणाऱ्यांना इजा होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी. आकडे कंपनीचे आहेत हे लक्षात ठेवून वाचा. आणि सगळं काही आपोआप होतं असंही नाही, गाडी गोंधळली की लांब बसलेल्या माणसाला विचारते, तो गाडी चालवत नाही, फक्त उत्तर देतो. डिसेंबर २०२५ मध्ये शहराच्या मोठ्या भागात वीज गेली, सिग्नल बंद पडले, तेव्हा असे प्रश्न एवढे साचले की गाड्या चौकाचौकात उभ्याच राहिल्या.

अर्धा स्टार कापला तो भाड्यासाठी. उबर-लिफ्टसारख्या ॲपवरच्या टॅक्सींपेक्षा बहुतेक वेळा महागच पडते, गर्दीच्या वेळी तर फारच. पण टीप द्यायची नसते, ते धरून हिशोब करा. कायद्याने थांबता येईल तिथेच थांबते, त्यामुळे अगदी दारात उतरायची अपेक्षा नको, गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर विचार करून ठेवा.

मी मात्र रात्री एकटी असले की जास्तीचे पैसे डोळे झाकून देते. कोणी आरशातून बघत नाही, कुठे राहता, घरी कोण कोण असतं विचारत नाही. आत कॅमेरे आहेत हे माहितीये, तरी मला ते चालतं. ज्या बायकांनी रात्री अकराला कॅबमध्ये बसून उगाच मोठ्याने फोनवर बोलण्याचं नाटक केलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

भारतात कधी, हे मला विचारू नका. गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये आयआयएम नागपूरच्या कार्यक्रमात सांगितलंय की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या कधीच येऊ देणार नाही, आणि हा मुद्दा मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. उबर चालवून घर चालवणारे कितीतरी जण इथेही आहेतच की.

जाणार असाल तर चौघांपर्यंतच बसता येतं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून फोटो काढायचा मोह होईल, ते अजिबात चालत नाही. आणि निघायच्या आधी फोन चार्ज करा, कारण दार त्याच्यानेच उघडतं.