ब्रेसेस असलेल्या दातांची सफाई : हायजिनिस्टच्या कामाचा अनुभव

माझ्या मुलीच्या दातांना ब्रेसेस बसवून दहा महिने झाले असून या काळात तिचे दात दोन दवाखान्यांत साफ करून घेतले. पहिल्या ठिकाणी स्केलिंग (दातांवरचा कडक थर खरवडून काढणे) झाले आणि ‘नीट ब्रश करत जा’ एवढेच सांगण्यात आले; महिन्याभरात हिरड्या पुन्हा सुजल्या. रोज दोनदा दात घासणाऱ्या मुलीने याहून नीट म्हणजे काय करायचे, हे कोणीच दाखवले नव्हते.

दुसऱ्या ठिकाणच्या हायजिनिस्टबाईंनी (दातांची सफाई करणाऱ्या प्रशिक्षित तज्ज्ञ) सफाईच्या उपकरणाला हात लावण्याआधी दातांवर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, रंगवणारे द्रावण लावले आणि मुलीच्या हाती आरसा दिला. दातांच्या कडा स्वच्छ होत्या, पण ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत गडद रंग साचला होता. “तू घासतेस हे दिसतंय, पण ब्रश ब्रॅकेटवरूनच पुढे जातोय,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मुलीचा पडलेला चेहरा खुलला. मग ब्रश हिरडीकडे सुमारे ४५ अंशांत कलता धरून आधी ब्रॅकेटच्या वर, नंतर खाली कसा फिरवायचा आणि तारेमागे इंटरडेंटल ब्रश (फटींसाठीचा बारीक ब्रश) दोन्ही बाजूंनी कसा घालायचा, हे त्यांनी तिच्याकडूनच करवून घेतले. ब्रॅकेटभोवती प्लाक साचून राहिला, तर सुमारे चार आठवड्यांतही इनॅमलमधली (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातली) खनिजे कमी होऊन खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात आणि ब्रेसेस निघाल्यावरही ते दिसत राहतात, हे त्यांनी न घाबरवता समजावले. एका सुळ्याच्या कडेला तशी सुरुवात दिसल्याने त्यांनी दंतवैद्यांना बोलावून दाखवले आणि त्यांच्या सल्ल्याने ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश (दातावर लावायचा संरक्षक लेप) लावले.

स्केलिंग करताना उपकरणाचे टोक ब्रॅकेटच्या चिकटवलेल्या कडेपासून दूर ठेवण्याची काळजी मला विशेष मोलाची वाटली, कारण ब्रॅकेट सुटला की उपचार लांबू शकतो.

उणीव एकच: तारेखालून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) ओवण्याची पद्धत घाईत दाखवली गेली आणि लेखी सूचना मिळाल्या नाहीत, त्यामुळे घरी पहिल्याच रात्री आम्ही अडलो. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर मात्र बाईंनी स्वतः फोनवर येऊन, मुलगी आरशासमोर उभी असताना, एकेक पायरी पुन्हा सांगितली.